पत्र्याला फुटलेली कातडी

सायकलवाल्यांशी माझं कधीच पटलं नाही. खोटं कशाला बोलू? वडिलांच्या पश्चात कोठावदे ड्रायव्हिंग स्कूल मी चालवायला घेतलं, तेव्हापासून या लोकांनी माझ्या तोंडाला फेस आणलाय. सिग्नल तोडणार हे, डावीकडून घुसणार हे, आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवणार, की बाई, आम्ही धूर नाही सोडत. अहो, धूर आता सोडतंय कोण? नाशकातल्या गाड्या विजेवर जाऊन जमाना झाला. भांडण तेवढं विजेवर गेलं नाही, ते होतं तिथेच राहिलं.

माझं नाव हर्षदा. आमची आत्या म्हणायची, पोरीचं नाव हर्षदा ठेवलं आणि हर्ष शेजाऱ्यांच्या घरी गेला. तर ते असो.

सायकलवाल्यांच्या सगळ्या खोडींत मला खरी चीड होती ती हाताची. सिग्नलला थांबलं की पाय खाली टेकवायचा यांना कोण कंटाळा! शेजारच्या गाडीच्या टपावर हात ठेवायचा आणि दोन्ही पाय पायडलवर तसेच ठेवून तोल सांभाळत ऐटीत उभं राहायचं. गाडी जशी काही यांना टेकायला आणून लावलीय.

विद्याधर गायधनींची आणि माझी ओळख अशीच झाली. अशोक स्तंभाचा सिग्नल, थंडीची सकाळ, आणि माझ्या टपावर धप्पकन हात. मी काच खाली केली.

"ओ काका, हात काढा! आत्ताच पुसलीय गाडी."

ते वाकून आत बघायला लागले. कानटोपी, पिकलेली मिशी, थंडीने लाल झालेलं नाक.

"काका कोणाला म्हणता? तुमच्याच वयाचा असेन. आणि हात धुतलेला आहे माझा."

"मग स्वतःच्या डोक्यावर ठेवा."

"तिथे टोपी आहे," ते म्हणाले, आणि सिग्नल सुटला तसे पायडल मारत निघूनही गेले. मी दिवसभर धुमसत होते. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी फुकटच्या शिव्या खाल्ल्या.

त्या हिवाळ्यात शहरात फारच पेटलं होतं. कोणी रात्रीतून गाड्यांवर चरे ओढले. कोणी मुद्दाम दार उघडून सायकलवाल्याला पाडलं. एकदा तर गंगापूर रोडवर दोन्हीकडची माणसं रस्त्यातच ठाण मांडून बसली आणि एकमेकांच्या आया-बहिणी काढायला लागली. तेव्हा एका कंपनीने पुढे येऊन सांगितलं, की आमच्याकडे औषध आहे, थोड्या गाड्यांवर लावून बघा. त्या गाड्यांत माझी एक आली. मी हो म्हटलं ते निव्वळ कुतूहलापोटी.

औषध घेऊन आली मृण्मयी देवरे. आपल्याच देवळा गावची मुलगी, परदेशात शिकून आलेली, पण चहा बशीत ओतूनच पिणारी. गाडीवर तिने कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक थर चढवला. लावल्यावर तो दिसेनासाच झाला.

"ही गाडीची कातडी, ताई," ती म्हणाली. "हिच्याभोवती अगदी क्षीण विद्युतक्षेत्र असतं. माणूस म्हणजे शेवटी खारट पाण्याची पिशवीच. ती जवळ आली की ते क्षेत्र दबतं. फोनच्या काचेला तुमचं बोट कळतं ना, तत्त्व तेच. फक्त हिला हातभर अंतरावरूनही कळतं. पान, कुत्रं, माणूस, प्रत्येकाचं दबणं निराळं."

मग ते दबणं जायचं माझ्या सीटमध्ये, अंगात घालायच्या एका जाकिटात आणि पायांखालच्या पट्टीत. तिथे मुगाच्या दाण्याएवढ्या असंख्य गाद्या होत्या. टपाला लागलं की त्या खांद्यांना लागायच्या, दारांना लागलं की दंडांना. मागून कोणी आलं की पाठीला. पुढच्या दोन चाकांजवळ काही आलं तर ते थेट माझ्या पावलांना.

"एवढा उपद्व्याप कशाला? काहीतरी वाजवायचं ना सरळ."

"वाजवून झालंय. सारखं वाजणाऱ्या गोष्टीकडे माणूस लक्ष देत नाही. आपोआप लागणारे ब्रेक आले, ते रविवार कारंज्याच्या गर्दीत पावलापावलाला लागायला लागले, लोकांनी बंद करून टाकले. पण स्वतःच्या अंगाला लागलेल्याकडे कोण दुर्लक्ष करेल?" तिने बशी खाली ठेवली. "मेंदूत आपल्या अंगाचा नकाशा असतो. तो रबरासारखा ताणला जातो. दृष्टी नसलेल्या माणसाला रस्ता काठीच्या टोकाशी लागतो, तळहाताशी नाही. तुम्ही एखाद्या फांदीखालून गाडी काढताना स्वतःची मान खाली घालता की नाही?"

"घालते."

"झालं तर. अर्धा नकाशा आधीच ताणलेला आहे. उरलेला ही कातडी ताणेल."

गाडीवर खूण मात्र लावायची नव्हती. लावली तर लोक मुद्दाम येऊन टिचक्या मारतील, असं ती म्हणाली. शहराला एवढंच माहीत होतं, की अशा काही गाड्या फिरताहेत. कोणत्या, ते कोणालाच माहीत नव्हतं.

पहिले काही दिवस नुसत्या गुदगुल्या झाल्या. मग एका सकाळी मी गोदावरीच्या पुलावर चढले आणि नदीवरून येणारं धुकं माझ्या गालांना लागलं. काचा बंद होत्या, बरं का! पण लागलं. ओलसर, गार, घाटावरच्या धुण्यासारखं. मला वाटलं मी गाडीत बसलेलीच नाही, मी पुलावरून चालत निघालेय, चांगली चार माणसांएवढी रुंद होऊन. पुढे फुलबाजाराच्या गर्दीत झेंडूच्या पाट्या माझ्या दंडाला चाटून गेल्या. एक कुत्रं पाठीला अंग घासून गेलं. भजीवाल्याच्या कढईजवळून जाताना डावी कूस शेकली. शाळेला निघालेल्या पोरी सायकलींवरून दोन्ही बाजूंनी गेल्या, तेव्हा लहानपणी नदीत उभं राहिल्यावर पोटऱ्यांना मासोळ्या लागायच्या तसं लागलं. मी हॉर्न वाजवायचं विसरले. कोणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून घ्यायला लागले, आणि गाडी माझ्याबरोबर अंग चोरायला लागली.

अशोक स्तंभाला लाल दिवा होता. मी थांबले, आणि माझ्या डाव्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवला.

धप्पकन नव्हे. पत्र्याला ते धप्पकन लागत असेल, मला नाही. सायकलवर तोल सांभाळणाऱ्या माणसाचा तो हात होता. कधी भार टाकायचा, कधी काढून घ्यायचा. माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर मला डॉक्टरांनी तपासलंय, बांगड्यावाल्याने हात धरलाय, पण माझ्या खांद्यावर असा विसंबून हात कोणी ठेवला नव्हता. मला रडू आलं. सांगून टाकते, लाजायचं काय त्यात? मी स्टिअरिंग धरून बसले आणि रडले. दिवा हिरवा झाला तसा हात गेला. पुढे कानटोपी दिसली तेव्हा कळलं, की हा तोच धुतलेला हात.

मग काय विचारता. सकाळी मी बरोबर त्या वेळेला त्या सिग्नलला असायची. लवकर पोचले तर कडेला थांबून राहायची. गायधनी पंचवटीतून यायचे, कॅरिअरला एक पत्र्याचा डबा बांधलेला. एकदा मी काच खाली केली आणि विचारलं, "डब्यात काय असतं एवढं?"

"दात."

"अं?"

"कवळ्या बनवतो मी. दवाखान्यांत पोचवायला निघतो सकाळचा. आज ज्यांची आहे त्या आजी म्हणाल्यात, घातली की पहिला पेरू खाणार." मग मिशीत हसले. "हल्ली ओरडत नाही तुम्ही. हात काढू का?"

"राहू दे. घसा बसलाय माझा," मी म्हणाले.

त्यांना वाटत होतं पत्र्यावर हात आहे. मला सांगायला हवं होतं. रोज ठरवायची, आज सांगते. पण सांगितलं असतं तर त्यांनी हात काढून घेतला असता, आणि तो मला जाऊ द्यायचा नव्हता. दिवस कसा हलका होऊन जायचा. गाडी शिकवतानाही मी स्वप्नात असल्यासारखी बोलायची. विद्यार्थी एकमेकांना विचारायचे, मॅडमना बरं नाही का?

अशात एक भानगड उपटली. नंदन भावसार नावाचा एक विद्यार्थी होता माझा. नुकतं लग्न झालेला, इतका सालस, की मला मॅडम म्हणतानाही मान लववायचा. त्याला कातडीच्या गाडीवर बसवलं. कॉलेज रोडला डावीकडून एक सायकल अगदी चाकाला खेटून गेली. आणि हा पठ्ठ्या एकदम डावीकडे वाकला, हात खाली नेला, मग कपाळाला लावला! गाडी निघाली सरळ त्या सायकलच्या अंगावर. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला म्हणून, नाहीतर होत्याचं नव्हतं झालं असतं.

"काय करत होतास रे?" मी ओरडले. घसा सुटला माझा.

"मॅडम, पाय लागला हो त्यांना," तो कळवळून म्हणाला. "नमस्कार नको करायला?"

मी कपाळाला हात लावला. पुढच्या चाकाजवळ सायकल आली की डाव्या पावलाला माणूस लागतं. विजेच्या गाडीत डावा पाय रिकामाच असतो, त्याला दुसरं काम नाही. आणि पाय लागला की आपल्यात काय करतात, हे दुसरीतल्या पोराला कळतं. वाकायचं, त्याला हात लावायचा, आपल्या कपाळाला लावायचा. विचार करून नाही करत कोणी, होऊन जातं. वाकताना अंग डावीकडे जातं आणि अंगाबरोबर उजव्या हातातलं स्टिअरिंगही. म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्याच अंगावर गाडी.

मृण्मयीला फोन केला तर ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "ताई, तिकडे एवढ्या चाचण्या केल्या, हे कोणाचंच झालं नाही. इकडे मात्र चौथा फोन आहे तुमचा. आणि खरं सांगू? चाचणीच्या मैदानावर मी स्वतः दोनदा वाकले होते. मला वाटलं माझी चप्पल निसटतेय." पावलाचं सगळं उचलून कोपराकडे वळवायचं, असं तिने ठरवलं. कोपर लागलं म्हणून कोणी कोणाला नमस्कार करत नाही. फक्त त्याला थोडे दिवस लागणार होते.

तोवर मी विद्यार्थ्यांना दरडावत राहिले. "हात स्टिअरिंगवर! नमस्कार मनातल्या मनात!"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन दिवसांनी अशोक स्तंभाला हिरवा दिवा लागला, गायधनींनी माझ्या खांद्यावरचा हात काढला, पायडलवर जोर दिला, आणि निघताना त्यांची सायकल माझ्या चाकाकडे कलली. माझ्या डाव्या पावलाला त्यांचा पाय लागला. इतक्या दिवसांत ज्या माणसाने मला नुसता आधार दिला होता, त्याला माझी लाथ लागली. मी वाकले. वाकल्यावर कळलं काय केलं ते. गाडी जेमतेम हातभर सरकली असेल, पण सायकल डावीकडच्या फुटपाथवर आदळली आणि ते पडले. डबा उघडून एक कवळी रस्त्यावर हसत पडली.

दवाखान्यात उजव्या मनगटाला प्लास्टर घालून झालं, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले होते. हाताने दात घडवणारा माणूस, आणि मी त्याचा हातच मोडला.

"तुम्ही वाकलात," ते म्हणाले. "मी सायकलच्या आरशात पाहिलं. समोर बघायचं सोडून खाली का वाकलात?"

मग मी सांगितलं सगळं. कातडी, पाऊल, नमस्कार. ते ऐकून त्यांना हसूच आलं. तिथे थांबले असते तर भागलं असतं. पण मी पुढे बोलले.

"आणि तुमचा हात. टपावर ठेवता तो. तो माझ्या खांद्याला लागतो."

हसू गेलं.

"रोज?"

"रोज. म्हणून तर मी त्या वेळेला यायची."

त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. "मनगटाचं काही नाही, जुळेल ते," ते म्हणाले. "पण बाई, म्हणजे मी इतके दिवस भर चौकात एका परक्या बाईच्या खांद्यावर हात ठेवत होतो, आणि मलाच पत्ता नाही? मला वाटत होतं पत्रा आहे. मला विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं. भीती वाटली, तुम्ही हात काढून घ्याल."

"काढलाच असता," ते म्हणाले आणि उठले. मी म्हटलं, बरं वाटेपर्यंत कवळ्या मी पोचवते, गाडी आहेच. तर म्हणाले, "दात चालत जातील एक वेळ, पण तुम्ही नका येऊ."

गाडीत येऊन बसले. खांद्यावर एक पान पडलं, ते पडलेलंही कळलं मला. मला ते सहन होईना. मृण्मयीने सीटखाली एक बटण दिलं होतं. ते दाबलं, आणि गाडी मेली. म्हणजे चालत होती, पण पत्रा झाली. पूल ओलांडला तरी नदी कुठे लागली नाही.

कोपराची दुरुस्ती झाली. नमस्कार थांबले. आणखी गाड्यांना कातडी लागली, सिग्नलवरच्या शिव्या खरंच कमी झाल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. मृण्मयी म्हणायची, ताई, तुम्हीच का बंद करून बसलात? मी म्हणायची, बघू गं. तिला काय सांगणार? एखाद्याच्या नकळत घेतलेलं किती दिवस पुरणार होतं? चूक माझीच होती. पण म्हणून खांद्याला कळतंय थोडंच? तो आपला सिग्नल आला की वाट बघायला लागायचा.

थंडी सरायला आली तशी एका सकाळी कानटोपी दिसली. प्लास्टर निघालेलं होतं, मनगटाला नुसता पट्टा. ते माझ्या गाडीच्या डावीकडे येऊन थांबले. पाय खाली टेकवून. दोन्ही हात हँडलवर, शहाण्या मुलासारखे. मला इतकं वाईट वाटलं, की मी समोरच बघत राहिले.

काचेवर टकटक झाली. मी ती खाली केली.

"ते तुमचं चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"बंद आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून. आता नुसता पत्रा आहे, गायधनी. पाय दुखत असेल तर ठेवा खुशाल हात. मला काही कळायचं नाही."

त्यांनी टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नाक लाल होतं, पण तेवढी थंडी नव्हती त्या दिवशी.

"मला घरी चैन पडत नव्हतं," ते म्हणाले. "सारखं आठवायचं, की मी हात ठेवला की पत्रा गरम का लागायचा. उन्हात नसायची गाडी, तरी लागायचा."

"पत्रा गरमबिरम होत नाही. मृण्मयीला विचारा."

"नाही विचारायचं मला. चालू करा."

दिवा हिरवा झाला. मागे हॉर्नचा एकच गिल्ला उठला. "ओ बाई, झोपल्या का? हला की!" एरवी मी काच खाली करून त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी मला तो आवाज लांब कुठेतरी लग्नाची वरात चाललीय तसा वाटला. मी सीटखाली हात घातला. बटण पटकन सापडेना. सापडलं. आधी सकाळचा वारा लागला, मग मागच्या मोटारीची ऊब, मग डाव्या दंडाशी सायकलवरचा एक माणूस, हातभर अंतरावर, श्वास घेत उभा.

हात यायला जरा वेळ लागला. आता त्यांना माहीत होतं, आपण तो कुठे ठेवतोय ते.